दोन साक्षीदार आणि एक झाड : मोबाइलच्या साहाय्याने वृक्षांची ओळख

(तू बिश्वातच्या संध्याकाळी, मलिद्याच्या अगोदर, आपल्या प्रार्थनालयाच्या सभागृहात एका निवृत्त परिचारिका भगिनीने दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



देवारीमच्या विसाव्या अध्यायात युद्धाचे नियम सांगितले आहेत. नगराला वेढा घातला तरी तेथील फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये, अशी आज्ञा तेथे आहे. पुढच्याच वचनात म्हटले आहे, की जे झाड खाण्याच्या फळाचे नाही असे तुला ठाऊक आहे, तेवढेच तोडावे. या आज्ञेतील ‘ठाऊक आहे’ या शब्दांकडे मी आज आपले लक्ष वेधू इच्छिते. ही आज्ञा पाळावयाची तर मनुष्याने झाडे ओळखली पाहिजेत. ज्याला आंबा आणि अशोक यांतला भेद कळत नाही, त्याला ती पाळण्याची इच्छा असूनही पाळता येणार नाही. झाडाची ओळख ही केवळ हौसेची बाब नाही, हे आपल्या शास्त्राने फार पूर्वी जाणले होते.

कोकणात आपल्या आईवडिलांना ही ओळख वेगळी शिकावी लागली नाही. अंगणातला शेवगा, पाणंदीवरची करवंदी, विहिरीजवळचा उंबर ही नावे भाषेबरोबरच कानी पडली. आपण या देशात आलो तेव्हा सामानाबरोबर भाषा आली, मसाले आले, मलिद्याची रीत आली, परंतु झाडे मागे राहिली. येथे रस्त्याच्या दुतर्फा जी झाडे उभी आहेत, त्यांतील काही आपल्या ओळखीची भासतात आणि प्रत्यक्षात तशी नसतात. काही खरोखरच ओळखीची असतात, पण दुसऱ्या नावाने वावरतात. अशा वेळी खिशातला मोबाइल किती साहाय्य करू शकतो आणि त्याच्यावर कोठे विसंबू नये, हे आज मला सांगावयाचे आहे. माझा व्यवसाय परिचारिकेचा. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. म्हणून मी या विषयाकडे जे पाहते, ते रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहूनच पाहते.

झाड कशास म्हणावे?

प्रथम हा प्रश्न सोडवू, कारण थोड्याच वेळात मलिद्याच्या ताटासमोर तो आपल्यापुढे येणारच आहे. ताटात पोहे आणि नारळ असतात, सफरचंद, खजूर, केळी असतात. खजुरावर आपण झाडाच्या फळाचा ब्राखा म्हणतो. केळ्यावर मात्र जमिनीच्या उपजाचा ब्राखा म्हणतो. केळ तर पुरुषभर उंच वाढते, मग असे का? कारण केळीचे खोड हे खरे खोडच नव्हे. ते पानांच्या देठांचे एकावर एक गुंडाळलेले सोपट आहे. त्यात लाकूड धरत नाही, आणि घड उतरला की ते मरून जाते; पुढच्या खेपेला नवा कोंब कंदापासून येतो. ज्याचे खोड काष्ठमय होऊन वर्षानुवर्षे टिकते आणि ज्याला त्याच जुन्या अंगावर नवे फळ धरते, ते झाड. पपईसारख्या वनस्पती या दोहोंच्या सीमेवर उभ्या आहेत, म्हणून तिच्याविषयी हाखामांमध्ये मतभेद आढळतात.

वनस्पतिशास्त्र जवळपास हीच रेघ ओढते. वृक्ष, झुडूप आणि काष्ठमय वेल या तिन्हींच्या अंगात लाकूड असते. या वर्गाचा ओळखणाराला एक मोठा लाभ आहे. फूल आठ दिवसांत गळते, पण झाडाची साल, फांद्यांची ठेवण आणि पानांची रचना दीर्घकाळ साक्ष देत राहतात. म्हणून नवशिक्याने प्रारंभ झाडांपासून करावा असे मी सुचवते.

यंत्र झाड कसे ओळखते?

या कामाची साधने फार जुनी नाहीत. अमेरिकेत कोलंबिया व मेरीलँड ही विद्यापीठे आणि स्मिथसोनियन संस्था यांनी मिळून २०११ मध्ये ‘लीफस्नॅप’ नावाचे अॅप काढले. त्यासाठी पान तोडून पांढऱ्या कागदावर ठेवावे लागे, आणि पानाच्या कडेच्या आकारावरून ते नाव सांगत असे. फ्रान्समधील संशोधन संस्थांनी तयार केलेले ‘प्लांटनेट’ २०१३ मध्ये मोबाइलवर आले. ‘आयनॅचरलिस्ट’ची सुरुवात २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पातून झाली, पुढे त्यात छायाचित्रावरून नाव सुचविण्याची सोय आली, आणि मुलांना सोपे जावे म्हणून ‘सीक’ नावाचे त्याचे धाकटे भावंडही निघाले. ही तिन्ही विनामूल्य आहेत. ‘गुगल लेन्स’ तर पुष्कळांच्या मोबाइलमध्ये आधीपासूनच असते. मात्र ते सर्वच वस्तूंसाठी असल्याने झाडांच्या बाबतीत मी प्लांटनेट आधी उघडते.

ही यंत्रे आतून कसे काम करतात? त्यांना कोणी वनस्पतिशास्त्राचे नियम पढविलेले नाहीत. ज्यांची नावे आधीच ठरली आहेत अशी असंख्य छायाचित्रे त्यांना दाखविली जातात. आकार, शिरांचे जाळे, कडेचे दाते, रंगांची सरमिसळ यांतून कोणते रूप कोणत्या नावाबरोबर वारंवार येते, हे यंत्र स्वतःच टिपत जाते. आपण नवे छायाचित्र दिले, की या साठवणीत त्याला सर्वांत जवळचे काय वाटते, ते क्रमाने मांडते. प्लांटनेटमध्ये नावापुढे टक्केवारी दिसते. ती टक्केवारी सत्याची नसून साम्याची आहे, हे नीट ध्यानात घ्यावे. ज्या झाडाची छायाचित्रे साठ्यात थोडी असतील, किंवा मुळीच नसतील, त्याच्या जागी यंत्र बहुधा त्याचा एखादा चुलत भाऊ पुढे करते, आणि तेही निःसंकोचपणे.

आम्हां परिचारिकांना पहिल्याच वर्षी एक नियम शिकविला जातो. रुग्णाला औषध देण्यापूर्वी त्याची ओळख दोन खुणांनी पटवावी. केवळ खाटेचा क्रमांक पुरेसा नाही, केवळ नावही पुरेसे नाही. एकाच नावाचे दोन रुग्ण एकाच कक्षात असू शकतात. देवारीमच्या एकोणिसाव्या अध्यायातही, कोणतीही गोष्ट दोन किंवा तीन साक्षीदारांच्या मुखाने सिद्ध व्हावी असा दंडक आहे. आयनॅचरलिस्टवर तर हीच पद्धत आहे. एकाने टाकलेली नोंद निदान दोघांच्या एकमताशिवाय संशोधनास योग्य मानली जात नाही. म्हणून माझे सूत्र असे : अॅपने सांगितलेले नाव हा पहिला साक्षीदार. दुसरा साक्षीदार आपण स्वतः झाडापाशी शोधावयाचा.

छायाचित्र कसे घ्यावे?

निम्मी चुकीची उत्तरे वाईट छायाचित्रामुळे येतात, असा माझा अनुभव आहे. लांबून संपूर्ण झाडाचे एकच छायाचित्र घेतले, तर यंत्राला हिरव्या ढगापलीकडे काही दिसत नाही. त्याऐवजी पुढील क्रम पाळावा.

पहिले छायाचित्र पानाचे. मागे आपला तळहात किंवा साधा कागद धरावा, म्हणजे इतर पाने मध्ये येत नाहीत. पडद्यावर पानाच्या ठिकाणी बोट टेकवावे, म्हणजे चित्र स्पष्ट होते. दुसरे छायाचित्र त्याच पानाच्या खालच्या बाजूचे. कित्येक झाडांचे रहस्य पानाच्या पाठीवर असते. तिसरे फुलाचे किंवा फळाचे, जे काही असेल त्याचे. चौथे सालीचे, छातीच्या उंचीवर. आणि सर्वांत शेवटी चार पावले मागे सरून पूर्ण झाडाचे. प्लांटनेटमध्ये प्रत्येक छायाचित्र पानाचे, फुलाचे, फळाचे की सालीचे, हे सांगता येते, आणि एकाच झाडाची अनेक छायाचित्रे एकत्र देता येतात. हात थरथरत असेल तर कोपर शरीराशी टेकवून धरावे, किंवा नातवंडांस हाक मारावी. घाई असेल तर छायाचित्रे नुसती काढून ठेवावीत; घरी चहा घेता घेता ती अॅपला दाखविता येतात.

येथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे. पुष्कळ झाडांचे पान ‘संयुक्त’ असते. आपण ज्याला पान समजतो, ती प्रत्यक्षात पानाची एक पर्णिका असते. शेवगा, चिंच, कडुनिंब ही याची उदाहरणे. पान कोठे सुरू होते हे कळण्याची खूण अशी, की पानाच्या देठाच्या बगलेत, फांदीला लागून, एक बारीक डोळा असतो. पर्णिकेच्या बुडाशी तो नसतो. डोळा सापडला, की तेथपासून पुढचे सर्व एक पान. छायाचित्र त्या संपूर्ण पानाचे घ्यावे, तुटक्या पर्णिकेचे नव्हे. पान तोडण्याचे काहीही कारण नाही. या देशात संरक्षित वनस्पतींना इजा करणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि डोंगरावरच्या रोपाला आपल्या कुतूहलाचा दंड पडू नये.

उत्तर आले, की केवळ पहिल्या नावावर थांबू नये. दुसरे आणि तिसरे नावही उघडून पाहावे, तेथे दिलेली इतर छायाचित्रे आपल्या झाडाशी ताडून पाहावीत. पहिल्याला नव्वद टक्के आणि दुसऱ्याला दोन, अशी स्थिती असेल तर विश्वासाला आधार आहे. तीस, पंचवीस आणि वीस असे असेल, तर यंत्र अंदाज बांधीत आहे असे समजावे.

कडुनिंब, जो कडुनिंब नव्हे

आता ज्यासाठी मी हे व्याख्यान देण्याचे मान्य केले, त्या गोष्टीकडे वळते.

काही वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, माझ्या ओळखीच्या एक वयस्क भगिनी पिशवीभर पाला घेऊन माझ्याकडे आल्या. “बाय, हा आपला निंबच ना? समोरच्या बागेत एवढा मोठा वृक्ष आहे. रोज सकाळी अर्धी वाटी रस घेईन म्हणते, साखरेवर चांगला असतो,” असे त्या म्हणाल्या. त्या मधुमेहाच्या गोळ्या घेत होत्या. आम्ही दोघी झाडापाशी गेलो. अॅपने नाव सांगितले, मेलिया अझेडारॅक. आपल्याकडे त्याला बकाण निंब म्हणतात. हिब्रूत तो इझदरेखेत.

गोंधळ होणे अगदी स्वाभाविक आहे. दोन्ही झाडे एकाच कुळातली. कडुनिंबाचे शास्त्रीय नाव अझाडिराक्टा इंडिका. अझाडिराक्टा, अझेडारॅक आणि हिब्रू इझदरेखेत ही तिन्ही नावे ‘आझाद दरख्त’, म्हणजे मुक्त वृक्ष, या एकाच फारसी शब्दापासून आली आहेत. नावेसुद्धा भावंडे आहेत. मग पाल्याने डोळ्यांना फसविले तर नवल ते काय?

परंतु दुसरा साक्षीदार येथे स्पष्ट बोलतो. कडुनिंबाच्या पानाला मधला एक दांडा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना विळ्यासारख्या वाकड्या पर्णिका थेट लागलेल्या असतात. बकाण निंबाच्या पानाचा दांडा फुटून त्याला उपदांडे येतात, आणि पर्णिका त्या उपदांड्यांवर असतात. म्हणजे एक पान एकदा विभागलेले, दुसरे दोनदा, कधी तीनदा. कडुनिंबाचे फूल पांढरे. बकाणाचे जांभळट, आणि येथे ते वसंतात सुवास पसरवीत फुलते. कडुनिंबाची निंबोळी लांबट असते. बकाणाची फळे गोल, पिवळी, गोट्यांसारखी असतात आणि पाने गळून गेल्यावरही संपूर्ण हिवाळाभर घोसांनी लटकत राहतात. आज घरी परतताना वर पाहा. नागड्या फांद्यांवर पिवळे मणी दिसले, तर तो हाच.

ही फळे विषारी आहेत, आणि पालाही पोटात घेण्याजोगा नाही. विषाचे प्रमाण झाडागणिक बदलते. वांती, जुलाब, अशक्तपणा, कंप, गुंगी ही लक्षणे काही तासांनंतर सुरू होऊ शकतात, आणि मात्रा अधिक असेल तर श्वसनावर परिणाम होतो. बुलबुल ती फळे आनंदाने खातात. पण पक्षी खातात म्हणून मनुष्याने खावे, हा तर्क आमच्या शास्त्रात चालत नाही. लहान मुलांच्या खेळाच्या जागी सावलीसाठी हेच झाड असते, म्हणून मी हे आजीआजोबांना आवर्जून सांगते. त्या भगिनींनी पाला तेथेच टाकला. आणि खरा कडुनिंब सापडला असता तरीही, गोळ्यांबरोबर त्याचा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हेही मी त्यांस सांगितले.

हदास आणि हर्दूफ

सुक्कोथच्या चार वनस्पतींतील हदास आपण सारे जाणतो. तोरात त्याचे नाव येत नाही. तेथे ‘दाट पानांच्या झाडाची फांदी’ असे वर्णन आहे. तलमूदमध्ये, सुक्का या मसेखेतमध्ये, हाखाम विचारतात की ही फांदी हर्दूफची का असू नये? हर्दूफ म्हणजे आपली कण्हेर. प्रश्न पोरकट नाही. उत्तम हदासला एकाच पेरावर तीन पाने असतात, आणि कण्हेरीलाही बहुधा एका पेरावर तीनच पाने येतात. केवळ एका खुणेवर निवाडा केला, तर कण्हेर लुलावाबरोबर हातात येईल. अबाये उत्तर देतो, की तोराचे मार्ग सौजन्याचे आहेत. म्हणजे पीडा देणारी वनस्पती तिला अभिप्रेत असू शकत नाही.

परिचारिका म्हणून मला हे उत्तर फार मोलाचे वाटते. कण्हेर मुळापासून फुलापर्यंत, ओली असो वा वाळलेली, विषारी आहे. हृदयरोग्यांना आम्ही डिगॉक्सिन नावाचे औषध देत असू. ते देण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट हृदयाचे ठोके मोजावयाचे, आणि ते साठाच्या खाली असतील तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवावयाचे, असा नियम होता. कण्हेरीतील विष त्याच जातीचे आहे. फरक इतकाच, की औषधाची मात्रा मोजलेली असते आणि पानातली कोणी मोजलेली नसते. प्रथम मळमळ व वांती होते, नंतर नाडी मंदावते, अनियमित होते, आणि त्यातच प्राण जाऊ शकतो. येथे कण्हेर महामार्गांच्या मधोमध, शाळांच्या कुंपणाला आणि गालीलमधील ओढ्यांच्या काठी विपुल आहे. तिची काडी दातात धरू नये, तिच्या फांद्या निखाऱ्यांत घालू नयेत, मांस भाजण्यासाठी टोचणी म्हणून तर मुळीच वापरू नयेत.

आता दोघींची ओळख. हदासचे पान लहान, नखाएवढे ते दोन नखांएवढे. उजेडापुढे धरले तर त्यात सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात, आणि चुरगळल्यास सुगंध दरवळतो. कण्हेरीचे पान वीतभर लांब, चामड्यासारखे, मध्यशीर ठळक, आणि तिच्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा. अॅप या दोहोंत सहसा गोंधळत नाही. तरीही क्रम सोडू नये : आधी डोळा, मग मोबाइल, मग हात, आणि जीभ कधीही नाही. नाव ठरल्यावाचून पान चुरगळू नये. चुरगळले तर हात धुवावेत.

त्याच मसेखेतमध्ये अरावा आणि सफसफा यांचा भेद दिला आहे. अरावाची काडी तांबूस, पान लांबट, कड गुळगुळीत. सफसफाची काडी पांढरट, पान गोल, कड विळ्यासारखी. खोड, पानाचा आकार, पानाची कड या तीनच गोष्टी अॅपही आपल्याकडे मागते. आणखी एक गोष्ट तेथे नमूद आहे. मंदिराच्या विध्वंसानंतर या दोन झाडांची नावे लोकांच्या तोंडी उलटसुलट झाली, असे रव हिस्दा सांगतो. याचा अर्थ असा, की नाव स्थलांतरात हरवते, बदलते. खूण मात्र झाडाच्या अंगावर राहते. स्थलांतरितांच्या समाजाला हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

ओळखीची झाडे, परकी नावे

सर्वच भेटी धोक्याच्या नसतात. काही आनंदाच्याही असतात. किनाऱ्यालगतच्या शहरांत उन्हाळ्यात जो लाल फुलांनी पेटतो, तो त्से-एलोन म्हणजे आपला गुलमोहर. तो मुळात ना तेथला, ना येथला. त्याचे मूळ माडागास्करचे. फुले नसताना मात्र गुलमोहर, जॅकरँडा आणि शिरीष यांची बारीक पाने अॅपला चकवितात. तेव्हा शेंगा पाहाव्यात. गुलमोहराची शेंग तलवारीसारखी लांब व कठीण. जॅकरँडाचे फळ बटव्यासारखे चपटे व वाटोळे.

शिकमा पाहिला, की आपल्या माणसांच्या तोंडून ‘उंबर’ हाच शब्द निघतो. खोडालाच लगडलेली फळे पाहून दुसरे काय म्हणावे? दोघेही फायकस वंशातले, म्हणून सख्खे नसले तरी चुलत भाऊ. उंबराचे पान निमुळते व गुळगुळीत, शिकमाचे रुंद व खरखरीत. आमोस संदेष्टा स्वतःस शिकमाच्या फळांची निगा राखणारा म्हणवितो. ते काम काय होते, याचा शोध वनस्पतिशास्त्रज्ञांनी लावला आहे. शिकमाच्या फळात परागीकरण करणारी चिलटासारखी माशी या देशात नाही. म्हणून कच्च्या फळाला सुरीने चीर देत असत. जखमेमुळे फळातून एक वायू सुटतो आणि फळ लवकर गोड होते. एका झाडाच्या अचूक ओळखीने नबीच्या ग्रंथातील एक शब्द असा उजळून निघतो.

शेझाफ म्हणजे बोरीची बहीण. फळ खाता येते, काटे तसेच बोचतात. भेद पाहावयाचा तर पान उलटावे : आपल्या बोरीच्या पानाची पाठ पांढुरकी व लवदार, शेझाफची हिरवी.

अॅप जे सांगू शकत नाही

निसान महिन्यात आपण फुललेल्या फळझाडांवर ब्राखा म्हणतो. समोरचे फुललेले झाड खाण्याजोग्या फळाचे आहे की केवळ शोभेचे, हे अॅप पुष्कळदा सांगू शकेल. परंतु इथ्रोग कलमी झाडाचा आहे की नाही, हे फळाच्या छायाचित्रावरून त्याला कळणार नाही. हदासची जात ते सांगेल. त्या विशिष्ट डहाळीवर तीन-तीन पानांची रांग पुरेशी आहे का, हे ती हातात घेऊन पाहणाऱ्याने ठरवावे. नाव सांगणे निराळे आणि निर्णय देणे निराळे. थर्मामीटर ताप सांगतो, रोग सांगत नाही.

निष्पर्ण झाड, कोवळे रोप आणि बागांसाठी मुद्दाम तयार केलेले वाण यांच्यापुढेही यंत्र अडखळते. निलगिरीच्या शेकडो जाती आहेत, शिवाय कोवळ्या आणि जून फांद्यांवरची पाने वेगवेगळ्या आकाराची. तेथे ‘निलगिरी’ एवढ्यावर समाधान मानावे.

शब्बाथला मोबाइल घरी असतो, पानही तोडावयाचे नसते. तो दिवस मी दुसऱ्या साक्षीदाराला, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांना, शिकविण्यासाठी वापरते. प्रार्थनालयात येताना एक झाड निवडते, पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, कड दातेरी की सपाट, हे मनात नोंदवते. रविवारी अॅप उघडते, तेव्हा मला विचारावयाचा प्रश्न आधीच ठाऊक असतो.

चार सूचना

अॅपच्या शब्दावर विसंबून पाला, फळ किंवा साल कधीही पोटात घेऊ नये. आपल्या झाडाची नोंद सार्वजनिक करताना घराचा नेमका पत्ता दिसणार नाही, अशी स्थाननिवड करावी. छायाचित्रात मुलांचे चेहरे येऊ देऊ नयेत. आणि मुलाने किंवा मोठ्याने एखादी अनोळखी वनस्पती खाल्ली असेल, तर तोंडातला अंश काढून तोंड धुवावे, वांती करविण्याचा प्रयत्न करू नये. हैफा येथील रामबाम रुग्णालयात विषबाधा माहिती केंद्र आहे. ते रात्रंदिवस चालू असते. दूरध्वनी ०४-७७७१९००. व्यक्ती बेशुद्ध असेल किंवा श्वास घेण्यास त्रास होत असेल, तर आधी मागेन दाविद आदोमला १०१ वर बोलवावे. काय खाल्ले, किती, केव्हा, हे सांगावे आणि डहाळी जवळ ठेवावी. अशा प्रसंगी अॅप उघडून वेळ घालवू नये. डहाळीचे छायाचित्र तज्ज्ञांनी मागितले तर पाठवावे.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एका गृहस्थांनी विचारले : अॅप मराठी नाव का देत नाही?

पुष्कळदा देत नाही हे खरे. म्हणून शास्त्रीय नावाला पारपत्र समजावे. ती दोन शब्दांची जोडी जगभर एकच असते. ती टिपून घेतली, की मराठी पुस्तकात आपले नाव आणि हिब्रू पुस्तकात येथील नाव सापडते.

एका भगिनींनी विचारले : नातवंडांना याचा काय उपयोग? त्यांना झाडे शाळेत शिकवितातच.

त्यांना त्से-एलोन शिकवितात, गुलमोहर नाही. इझदरेखेत शिकवितात, पण आजी त्याला निंब समजून पाला आणील, हे शाळेला ठाऊक नसते. त्यांच्याकडे एक नाव आहे, आपल्याकडे दुसरे, आणि मध्ये अॅपने दिलेले तिसरे. मी एक वही केली आहे. तिच्या पानावर तीन रकाने : मराठी, हिब्रू, शास्त्रीय, आणि खाली एक ओळ, ती म्हणजे दुसऱ्या साक्षीदाराची खूण. आजवर त्यात एकेचाळीस झाडे भरली आहेत. ही वही येथे टेबलावर ठेवून जाते. आपल्या घराजवळचे एक झाड प्रत्येकाने त्यात लिहावे. मराठी नाव आठवत नसेल, तर तो रकाना रिकामा ठेवावा. ते नाव ठाऊक असलेली माणसे अजून या सभागृहात बसलेली आहेत, तोवर तो भरून घेता येईल.

आता मलिद्याचे ताट आले आहे. केळ्याचा ब्राखा वेगळा म्हणावयाचा आहे, एवढे लक्षात असू द्या.